उपवासाला चालणारं इंटरनेट

पुढे जी हकीकत सांगणार आहे ती अक्षरशः खरी आहे, आणि म्हणूनच तुमच्यापैकी एकाचाही तिच्यावर विश्वास बसणार नाही, अशी मी छातीठोक हमी देतो. पुण्यात माणूस खोटं बोलला तर लोक ‘असेल बुवा’ म्हणून सोडून देतात; खरं बोलला की पुरावा मागतात. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गेली कित्येक वर्षं माझ्यावर एकमतानं अविश्वास दाखवला जातो. (एकमतानं होणारी सोसायटीतली ही एकमेव गोष्ट. पाण्याच्या टाकीचा रंग अजून ठरलेला नाही.)

मुद्दा गंभीर आहे. माणसाला एकांत लागतो. अन्न, वस्त्र, निवारा आणि पार्किंग यांच्यानंतर एकांताचाच नंबर. मात्र एकांताची एक अट आपल्या पूर्वजांच्या नजरेतून सुटली. ती अशी की, तो आपल्याला मिळाला आहे हे चारचौघांना वेळेवर कळलं पाहिजे. कोणालाच न कळलेला एकांत आणि कडी अडकून बाथरूममध्ये कोंडलं जाणं, यांत बाहेरून पाहणाऱ्याला काहीएक फरक दिसत नाही.

या एका अटीपायी उत्तरेश्वर नावाचा सरळमार्गी मुलगा टांगणीला लागला होता. डोंगरात त्याचा निसर्गनिवास आहे. या दिवाळीसाठी त्याच्या तीन खोल्या अजून रिकाम्या होत्या. त्या भरल्या तर तो डोंगरात राहणार. नाही भरल्या तर पाडव्यानंतरच्या सोमवारी हिंजवडीच्या कंपनीच्या बसमध्ये. म्हणून परवा संध्याकाळी सोसायटीच्या बागेतल्या बाकावर मी ही हकीकत तिघांना सांगितली. तीन खोल्या, तीन श्रोते. माझा हेतू इतका शुद्ध फार क्वचित असतो.

श्रोते असे. पहिल्या जरीनाआपा, शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. अजूनही ‘शुभ सकाळ’ म्हटलं तरी सिद्धता मागतात. दुसऱ्या द्वारकाकाकू, ज्यांचा गुडघा हवामान खात्याच्या एक दिवस आधी पाऊस सांगतो. तिसरे दिग्विजयराव, बँकेतून निवृत्त झालेले, पण हे अजून त्यांच्या आवाजाला कोणी कळवलेलं नाही.

उत्तरेश्वर मूळचा लातूरकडचा. शिकायला पुण्यात आला तेव्हा सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या खोलीत राहायचा. मला काका म्हणायचा. (भाडं वेळेवर द्यायचा, म्हणून मीही म्हणू दिलं.) पुढे हिंजवडीत लागला. त्याचं काम असं की, जगात कुठेही त्याच्या गिऱ्हाइकाचं इंटरनेट बंद पडता कामा नये. परदेशात कुठेतरी कोणाचं चक्र गरगरत राहिलं, की फोन कोथरूडमध्ये वाजायचा. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्याचा फोन वाजला. भटजी ‘सावधान’ म्हणाले आणि हा खरोखरच सावधान झाला. उरलेल्या मंगलाष्टकांत त्यानं कुठल्यातरी बँकेचं नेटवर्क उभं केलं. मुलीकडच्या लोकांना वाटलं, मुलगा फार शांतपणे मंत्र पुटपुटतोय.

मग एके दिवशी तो प्रकार घडला. हिंजवडीच्या वाटेवर कंपनीची बस उभी होती. (ती चालते, असा एक समज आहे.) शेजारून एक म्हैस निघाली. ती बसच्या पुढे गेली, नाल्यापर्यंत पोचली, पाण्यात मनसोक्त बसली, उठली, आणि परतताना पुन्हा याच्या खिडकीपाशी आली. बस तिथेच.

“काका,” तो मला म्हणाला, “तिनं माझ्याकडं बघितलं बघा. लई कीव होती तिच्या डोळ्यांत.”

दुसऱ्या दिवशी त्यानं राजीनामा दिला.

बायको भाग्यश्री. कोथरूडचीच, हिशेबतपासनिसांच्या कार्यालयात नोकरीला. तिनं आरडाओरडा केला नाही. कोथरूडमध्ये तो करत नाहीत, मुदत देतात. “कर तुला काय करायचं ते,” ती म्हणाली. “दोन दिवाळ्या देते. दुसऱ्या दिवाळीला सगळ्या खोल्या भरल्या नाहीत, तर पाडव्यानंतरच्या सोमवारी तू बसस्टॉपवर. डबा मी देईन.” सदर दुसरी दिवाळी म्हणजे हीच, चालू वर्षीची.

“मुलगी व्यवहारी आहे,” दिग्विजयराव म्हणाले. ते भाग्यश्रीला कधी भेटलेले नाहीत, पण मुदत हा शब्द ऐकला की त्यांना माणूस आवडतो.

तर, मौजे झाकलेवाडी. मुळशीच्या पलीकडे जायचं, मग आणखी पलीकडे. एका वळणावर गाडीच्या नकाशातल्या बाई ‘यू टर्न घ्या’ असं कळवळून सांगतात आणि कायमच्या गप्प होतात. तिथून पाच मिनिटं. समोर असा आडवा डोंगर आहे, की त्याच्याआड काहीही येत नाही. रेंज, एसटी, आमदार, काहीही. उत्तरेश्वरनं तिथे मातीच्या खोल्या बांधल्या आणि दारावर पाटी लावली: ‘क्षेत्राबाहेर निसर्गनिवास. येथे इंटरनेट नाही. परत परत विचारू नये.’

लोक तुटून पडले. हे आपल्याकडचं अर्थशास्त्र आहे. शहरात पंखा नसलेल्या खोलीचं भाडं कमी असतं. जंगलात ती ‘नैसर्गिक वायुवीजना’ची म्हणून महाग असते. भिंतीला खिडकी नसेल तर आपण घासाघीस करतो, आणि खिडकीला भिंतच नसेल तर आगाऊ पैसे भरतो. सबब, जिथे काहीच नाही तिथे सगळ्यात जास्त द्यावं लागतं, आणि उत्तरेश्वरकडे तर इंटरनेटसुद्धा नव्हतं.

पहिल्या हंगामात त्यानं पाहुण्यांचं मत अजमावलं. शंभर पाहुण्यांपैकी एकशे चार जणांनी शांतता फार आवडल्याचं सांगितलं. (चौघे जण पाहुणे नव्हते, रस्ता चुकले होते.) मात्र त्याच शंभरातल्या बहुतेकांचा अंगठा दुसऱ्या दिवसापासून आपोआप वरखाली होऊ लागला. जेवताना वरणात, चालताना हवेत. एक गृहस्थ झाडाखाली शांत बसून समोरचं दृश्य अंगठ्यानं वर ढकलत होते. ते हलेना, म्हणून नाराज झाले.

पण खरी अडचण अंगठ्याची नव्हती. अडचण होती सूर्यास्ताची.

झाकलेवाडीचा सूर्यास्त अप्रतिम आहे. पण सूर्यास्त हा नाशवंत माल आहे. तो त्याच दिवशी फोनवरून चारचौघांत वाटला नाही, तर शिळा होतो. औंधच्या एका बाईंनी रविवारचा सूर्यास्त घरी नेला आणि मंगळवारी चढवला. त्यांच्या नणंदेनं खाली लिहिलं, “आज तर पुण्यात दिवसभर ढग होते, वहिनी.” बाईंना महिनाभर कुठल्याही समारंभात मान वर करता आली नाही. बातमी पसरली. पहिल्या दिवाळीला निम्म्या खोल्या रिकाम्या राहिल्या.

उत्तरेश्वर हवालदिल झाला. रेंज आणावी तर पाटी खोटी, आणि न आणावी तर खोल्या रिकाम्या. त्यातून वाट काढली ती भाग्यश्रीनं, आणि ती अशी वाट आहे की जगात दुसऱ्या कुठल्या देशातल्या माणसाला ती सुचली असती, असं मला वाटत नाही.

ती म्हणाली, “आपल्याकडे एकादशीला काय करतात?”

आपल्याकडे उपवास म्हणजे न खाणं नव्हे, हे मी तुम्हाला सांगायला नको. उपवास म्हणजे एरवीपेक्षा थोडं जास्त, पण वेगळं खाणं. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या फोडी, वर दही, आणि नंतर तोंडाला चव नाही म्हणून राजगिऱ्याचा लाडू. एवढं सगळं पोटात घालून माणूस संध्याकाळी म्हणतो, ‘आज काही खाल्लं नाही,’ आणि ते शंभर टक्के खरं असतं.

“तसंच हे,” भाग्यश्री म्हणाली. “लोक इंटरनेटचा उपवास करायला येतात. करू देत. आपण त्यांना उपवासाला चालणारं इंटरनेट देऊ. साबुदाणा चालतो, तर सूर्यास्त का चालणार नाही?”

तिनं नियम केले. काय चालतं: सूर्योदय (उठल्यास), सूर्यास्त, धुकं, दरीसमोर ठेवलेले स्वतःचे पाय. फुलासहित सुप्रभात. नातवंडांचे व्हिडिओ, दुधासारखे, कितीही. क्रिकेटचा स्कोअर, हा फलाहारात धरावा. शेअरबाजार, नुसता बघावा, हात लावू नये. येथे रेंज नसल्याचा गोल शिक्क्याचा दाखला, ऑफिसला पाठवण्यासाठी. (रेंज नसल्याचा दाखला रेंजमधूनच पाठवावा लागतो, याला इलाज नाही.) काय चालत नाही: ऑफिसची मेल. सोसायटीच्या ग्रुपवरचं भांडण. मात्र ते घरून निघण्यापूर्वीच सुरू झालेलं असल्यास एक शेवटचा मुद्दा मांडता येईल. रील्सबाबत मतभेद आहेत. ते कोथिंबिरीसारखं आहे: काही घरांत उपवासाला चालते, काही घरांत चालत नाही, आणि दोन्ही घरं एकमेकांना भ्रष्ट समजतात.

“आणि कविता?” द्वारकाकाकूंनी विचारलं. त्या करतात.

“स्वतःच्या चालतात. दुसऱ्यांच्या वाचाव्या लागत नाहीत.”

“मग बरं आहे,” काकू म्हणाल्या.

आता प्रश्न एवढाच उरला, की हे सगळं डोंगराआडून बाहेर जाणार कसं. रेंज होती ती थेट डोंगराच्या माथ्यावर. पलीकडच्या खोऱ्यातला टॉवर तिथे लागायचा. पण माथ्यावर चढून उतरायचं म्हणजे अर्धा दिवस, आणि उत्तरेश्वरचे गुडघे खुर्चीत वाढलेले. मात्र गावातल्या शेळ्या रोज सकाळी माथ्यावर चरायला जात आणि दिवस मावळायला खाली येत. फुकट जात होत्या. रिकाम्या मानेनं.

तुमच्या लक्षात आलं असेल. नसेल आलं तर सांगतो. उत्तरेश्वरनं कापडी पिशव्या शिवून घेतल्या, पाहुण्यांचे फोन त्यांत घातले आणि पिशव्या शेळ्यांच्या गळ्यात बांधल्या. एका शेळीमागे तीन फोन, करडाला एक. सकाळी कळप वर निघायचा. माथ्यावर पोचला की डोंगरभर टिंगटिंग टिंगटिंग सुरू व्हायची, जसं काही देवळातली आरती. काल संध्याकाळचे सूर्यास्त जायचे, दाखले जायचे, सुप्रभात जायच्या; आणि तिकडून आलेले ‘अय्या किती सुंदर’ पिशवीत घेऊन शेळ्या संध्याकाळी खाली यायच्या. पाहुणे रांगेनं उभे राहून आपापली शेळी ओळखायचे.

“बॅटरी तापते तेव्हा भाजत नाही का हो त्यांना?” द्वारकाकाकू कळवळल्या.

“थंडीत उलट बरं वाटतं.”

“फोन कुलूपबंद असतो,” जरीनाआपा पहिल्यांदाच बोलल्या. “शेळीनं उघडला कसा?”

“उघडावा लागत नाही, आपा. निरोप लिहून ठेवला की रेंजमध्ये शिरल्याबरोबर आपोआप सुटतो.”

“हं,” आपा म्हणाल्या. भूमितीच्या शिक्षकांचं ‘हं’ म्हणजे ‘चालू द्या, शेवटच्या पायरीला बघते.’

सेवेत त्रुटी होत्या, नाही असं नाही. पाऊस आला की शेळ्या आडोशाला बसायच्या आणि सगळी सेवा ठप्प. एका शेळीनं चार्जिंगची वायर खाल्ली आणि दोन दिवस ती सारखी चालतच राहिली. पुढे पुढे पाहुण्यांत प्रतवारीही आली. तरणा बोकड तडक माथ्यावर जायचा. म्हातारी शेळी वाटेत बोरीच्या झाडाशी रेंगाळायची. “शेजारच्या खोलीला बोकड आणि आम्हाला ही म्हातारी का?” अशी लेखी तक्रार एरंडवण्याच्या एका कुटुंबानं केली. त्यावर भाग्यश्रीनं उत्तर दिलं: “बोकड आगाऊ आरक्षणावर मिळेल.”

तर या कळपात चंद्री नावाची एक शेळी होती. कपाळावर पांढरा ठिपका. स्वभावानं पोक्त. तिच्या गळ्यात एकदा साई नावाच्या मुलाचा फोन होता. साई हिंजवडीत नोकरीला, रजा न टाकता आलेला. त्याच्या फोनमध्ये अशी सोय होती, की ऑफिसच्या मीटिंगची वेळ झाली की फोन आपणहून हजर व्हायचा. (साई स्वतः तसा नव्हता.) माथ्यावर रेंज लागली, मीटिंग सुरू झाली, कॅमेरा उघडला, आणि पिशवीतून फोन वर आलेला असल्यानं समोर थेट चंद्रीचा चेहरा. मागे निळं आकाश आणि डोंगर.

कोणालाही काही वावगं वाटलं नाही. मीटिंगमध्ये हल्ली लोक चेहऱ्यावर मांजराचे कान लावतात, मागे समुद्र लावतात. साईनं शेळी लावली असेल. चंद्री मीटिंगभर थांबली. ती रवंथ करत होती, त्यामुळे मान एकसारखी हलत होती, म्हणजे सगळं पटत होतं. मध्येच कोणाचं बोलणं तोडलं नाही. ‘मी याच्या पुढे जाऊन असं म्हणेन’ म्हणाली नाही. शेवटी परदेशी गिऱ्हाइकानं विचारलं, “हे काम शुक्रवारपर्यंत होईल का?” चंद्रीनं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

त्या कंपनीत आजवर गिऱ्हाइकाला कोणी ‘नाही’ म्हणालेलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणालं, “बरोबर आहे. सोमवारी द्या.”

साईच्या वार्षिक मूल्यमापनात पुढील शेरे आले: पूर्ण ऐकून घेतो. अनावश्यक बोलत नाही. दबावाखाली शांतपणे चघळतो. कळपात रमतो, पण गरज पडल्यास एकटा उंच जातो. बढतीस पात्र.

“हे मात्र खरं वाटतं,” दिग्विजयराव म्हणाले. “आमच्या झोनल ऑफिसात असे दोघं होते.”

त्या टीमच्या मॅनेजर प्रियदर्शनी मॅडम. आपला माणूस अचानक इतका समंजस कशानं झाला, हे बघायला त्या जातीनं झाकलेवाडीला आल्या. चंद्रीला भेटल्या. तिच्याशी बराच वेळ बोलल्या. अनेक वर्षांत कोणी त्यांचं इतकं ऐकून घेतलं नव्हतं. मॅडमनी चंद्रीला जागेवर नेमणुकीचं पत्र दिलं. तिनं ते खाल्लं. (कंपनीत ही स्वीकृती धरतात.)

मग त्या उत्तरेश्वरला म्हणाल्या, “लिसन, हे सगळं ऑसम आहे. फक्त एक टॉवर टाक. आम्ही वर्षभर सगळ्या रूम्स ब्लॉक करतो. डिजिटल फास्टिंग प्रोग्रॅम. सिंपल आहे रे. एम्प्लॉयीनं दर तासाला ॲपवर टाकायचं की तो ऑफलाइन आहे.”

“आणि नाही टाकलं तर, मॅडम?”

“मग आम्हाला कसं कळणार की तो ऑफलाइन आहे?”

उत्तरेश्वर पुण्याला येऊन माझ्यासमोर डोकं धरून बसला. “टॉवर घेतला तर हिंजवडी डोंगर चढून माझ्याकडं येते. नाही घेतला तर मी बस पकडून तिच्याकडं जातो. काका, म्हशीच्या नजरेतनं कसं सुटावं सांगा.”

इथे मी थोडा थांबलो. सांगणाऱ्यानं कुठे थांबावं हे कळलं पाहिजे. काकूंचा गुडघा चोळणारा हात होता तिथेच थांबला होता.

“मग?” त्या म्हणाल्या.

“मग काय! मुलगा लातूरकडचा. कणा शाबूत. त्यानं मॅडमना हात जोडून सांगितलं, मॅडम, हवी तर शेळी न्या, पण टॉवर नको. मॅडम परत गेल्या. आणि आजच्या तारखेलाही झाकलेवाडीत रेंजची एक काडीसुद्धा दिसत नाही. निरोप पाठवायचा तर चंद्रीकरवी, नाहीतर नाही. असा बाणा पाळणारा मुलगा तीन खोल्यांपायी परत बसमध्ये जाणार. मी काही म्हणत नाही. मी आपली माहिती दिली.”

बाकावर दोन माना उदात्तपणे डोलल्या.

“असंच हवं बाई काहीतरी,” द्वारकाकाकू म्हणाल्या. “वीट आलाय त्या मेल्या फोनचा. रेंज नाही म्हणजे कसं, मन मोकळं.”

“मी तर फोनला शिवतही नाही,” दिग्विजयराव म्हणाले, आणि खात्री करण्यासाठी त्यांनी फोन काढून बघितला. “ते काही नाही, माणसानं अधूनमधून तुटलं पाहिजे. मी तत्त्वतः अनुकूल आहे.”

तत्त्वतः अनुकूल असलेल्या माणसानं आजवर कुठलीही खोली घेतलेली नाही, हे मला ठाऊक होतं. मी पुढचं बोलणार, तेवढ्यात जरीनाआपांनी चष्मा लावला, फोन काढला आणि सरळ उत्तरेश्वरला व्हिडिओ कॉल लावला. (माझ्याकडे येताजाता तो त्यांच्याही ओळखीचा झाला होता.) पलीकडून उचलला गेला. पडद्यावर उत्तरेश्वर. इतका स्वच्छ, की मिशीत अडकलेला पोह्याचा कण मोजता यावा. मागे व्हरांडा, व्हरांड्यामागे डोंगर, आणि डोंगरापुढे एक शेळी, गळा मोकळा.

“कुठून बोलतोयस रे, बेटा?”

“इथूनच की, आपा. झाकलेवाडीतनं. व्हरांड्यात बसलोय.”

आपांनी फोन खाली केला आणि माझ्याकडे वळल्या. मग सगळ्या बागेला ऐकू जाईल, झोपाळ्यावरची पोरं झोका थांबवतील, अशा वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, “नाना, तुम्ही धडधडीत खोटं बोलताय. तिथे रेंज नाही, तर हा बोलतोय कशावरून? शेळीवरून?”

मी पाण्याच्या टाकीकडे बघू लागलो. माझ्या बाबतीत हे फारसं घडत नाही.

“आता तूच सांग,” आपांनी फोन पुन्हा वर धरला. “गोल गोल नको. तुझ्याकडे रेंज आहे की नाही?”

उत्तरेश्वरनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पडद्याच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या माझ्याकडे पाहिलं. मी भुवया उडवल्या, पण त्यातून नेमकं काय घ्यायचं ते मलाच माहीत नव्हतं. आतून भाग्यश्रीचा आवाज आला, “बुकिंग आहे का नुसती चौकशी?” त्याच्या कपाळावर घाम दिसला, तोही स्वच्छ दिसला. शेवटी तो अगदी अदबीनं म्हणाला:

“आपा... तुम्हाला कशी हवी आहे?”

द्वारकाकाकू घसा खाकरून म्हणाल्या, “नसलेलीच बरी.”

“अजिबात नको,” दिग्विजयराव गरजले. “तत्त्व म्हणून.”

पडद्यावर, उत्तरेश्वरच्या शेजारच्या टेबलावर, बुकिंगचा फोन पडला होता. तो वाजला. टिंग. थोड्या वेळानं पुन्हा. टिंग. आणि मग, जरा अवघडत वाजावा तसा, एकदा आणखी. भाग्यश्री बाहेर आली, तिनं फोन उचलला आणि हिशेब तपासायच्या सवयीनं मोठ्यानं वाचून दाखवलं:

“‘रेंज आहे हे कळलं. एक खोली. कोणाला बोलू नये.’ दुसरा: ‘वायफायचा पासवर्ड फक्त मलाच द्यावा, बाकीच्यांसाठी नाही असंच सांगावं.’ तिसरा...” ती थांबली. “तिसऱ्यातही तेच आहे. शब्द तेवढे वेगळे.”

“नावं नको वाचू,” उत्तरेश्वर घाईनं म्हणाला.

“भरल्या,” भाग्यश्री म्हणाली. फोन ठेवला आणि आत गेली. मग आतूनच ओरडली, “सोमवारचा डबा रद्द!” उत्तरेश्वर तसाच बसून राहिला. मागची शेळी त्याच्याकडे बघत होती, आणि एवढ्या लांबून, एवढ्या चांगल्या रेंजमध्ये, मला तरी तिच्या डोळ्यांत कीव दिसली नाही.

पण आपा आपाच. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. “माझा फोन माझ्या हातात होता, कॉल चालू होता. नानांचा घरी चार्जिंगला आहे. म्हणजे उरले दोन.” द्वारकाकाकू जास्वंदीचं झाड न्याहाळू लागल्या. दिग्विजयरावांच्या बुटाची नाडी अचानक सुटली. “हे दोन झाले. सिद्ध. पण टिंग तीन वाजल्या. बाकावर चौथं माणूस नाही. आपल्याशिवाय ऐकत कोण होतं?”

पहिल्यापासून शेवटपर्यंत, अवाक्षर न काढता, कोण ऐकत होतं हे मला माहीत आहे. पण नाव घेणं बरं दिसत नाही. तुम्ही फोन खाली ठेवलात तरी चालेल आता. खोली मिळाली आहे, दरीच्या बाजूची. आणि पासवर्ड मी फक्त तुम्हालाच सांगणार आहे, हे मी त्या दोघांनाही सांगितलं आहे.